आधी गाव सांगा, आडनाव मग बघू

भोर-वेल्ह्यात पत्रकारिता करणाऱ्याला फोन येतात ते रस्त्यासाठी, पाण्यासाठी, नाहीतर एसटी वेळेवर आली नाही म्हणून. गेल्या दोन-अडीच वर्षांत मात्र एका वेगळ्याच कामासाठी फोन वाढलेत. "दादा, आमच्या पणजोबांचा कागद कुठं मिळंल?"

कारण सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं. ज्यांनी कधी फेरफार उघडून पाहिला नव्हता, ती मंडळी मोडी वाचणारे शोधू लागली. काहींचं काम दाखल्यापाशी संपलं. पण काहींना तिथून पुढे खरी ओढ लागली. आपण नेमके कुठले, इथे कधी आलो, आजोबा ज्या शेताचं नाव घ्यायचे ते कुठे होतं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. ही पोस्ट त्या दुसऱ्या लोकांसाठी आहे.

फोनवर पहिलं वाक्य बहुतेक वेळा असं असतं, "आमचं आडनाव अमुक, काही माहिती मिळेल का?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी गाव सांगा, आडनाव मग बघू.

कारण आपल्याकडचा कुठलाही जुना कागद आडनावाने लावलेला नाही. सातबारा गावाचा, फेरफार गावाचा, जन्म-मृत्यूचा नमुना १४ गावाचा. त्र्यंबकेश्वरला किंवा पंढरपूरला तीर्थोपाध्यायांकडे गेलात तर तेही पहिल्यांदा मूळ गाव विचारतात आणि मगच वही काढतात. मोडी कागदात तर आडनाव बऱ्याचदा नसतंच. अमुक बिन तमुक, म्हणजे अमक्याचा मुलगा तमुक नव्हे, तर तमक्याचा मुलगा अमुक, मोकदम मौजे फलाणे, एवढंच लिहिलेलं असतं. त्या 'मौजे' शब्दापुढचं नाव तुम्हाला ठाऊक नसेल तर समोर ठेवलेला कागदसुद्धा आपला आहे हे कळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, गाव तर आम्हाला माहीत आहे. गाव माहीत असतं, पण त्याचा त्या काळातला पत्ता माहीत नसतो. आणि आपल्या भागात गावांचा पत्ता जितक्या वेळा बदललाय, तितका क्वचितच कुठे बदलला असेल. इथेच जुने नकाशे कामाला येतात.

पत्ता पहिला : खोरं

शिवकाळात आणि त्याआधी आपल्याकडे तालुका नव्हता. मावळ होतं, खोरं होतं. हिरडस मावळात बांदल देशमुख, रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे आणि उत्रौलीचे खोपडे, गुंजण मावळात शिळीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर. जुन्या पत्रांत गावाचा पत्ता 'मौजे अमुक, तर्फ अमुक' असा येतो.

ही नावं नुसती पाठ करून उपयोग नाही, ती नकाशावर ठेवून बघा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत आपला मुलूख '४७ एफ' या क्रमांकाखाली येतो. त्यातला ११ नंबरचा कागद घेतला की वेल्हे, तोरणा, पानशेत दिसतं. राजगड लगेच खालच्या १२ नंबरच्या कागदावर आहे आणि भोर शहर १६ वर. या टोपोशीटवर तपकिरी रेषांनी डोंगराचा चढउतार दाखवलेला असतो. त्यावर नद्यांवरून बोट फिरवा. मोसे नदीचं मोसे खोरं, गुंजवणीचं गुंजण मावळ, कानंदीचं कानद खोरं, वेळवंडीचं वेळवंड खोरं. एका खोऱ्यातून दुसऱ्यात जायला मध्ये डोंगराची धार. हद्द कोणी कागदावर आखण्याआधी पाण्याने आणि डोंगराने आखून ठेवलेली होती.

यातून घराण्याबद्दल काय कळतं? सोयरिकी बघा. आजी कुठल्या गावची, पणजी कुठल्या गावची, ही गावं नकाशावर खुणा करून लावली की बऱ्याच घरांत ती एकाच खोऱ्यात, नाहीतर एका खिंडीच्या अल्याड-पल्याड पडतात. वेल्ह्याच्या पश्चिम टोकाच्या गावांचे पाहुणे महाडकडे कसे, असा प्रश्न मला एका तरुणाने विचारला होता. त्याला जुन्या कागदावरची मढे घाटाची वाट दाखवली. आज गाडीने वरंध घाटातून वळसा घालून जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, पण केळदहून मढे घाट उतरलं की कोकण. ज्या काळी सगळेच पायी चालत होते, त्या काळी तो शेजार होता.

पत्ता दुसरा : संस्थान

भोर हे पंतसचिवांचं संस्थान. क्षेत्रफळ सुमारे ९२५ चौरस मैल. त्याचे पाच तालुके होते : विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवन मावळ आणि सुधागड. विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि ही तालुक्यांची नावं कारभारातून गेली.

इथे शोधणाऱ्याचा पाय हमखास अडकतो. एखाद्याच्या घरात संस्थानी काळातला कागद निघतो, त्यावर 'तालुके सुधागड' लिहिलेलं असतं, आणि तो भोरच्या कचेरीत हेलपाटे मारत बसतो. कारण वर मोठ्या अक्षरात 'संस्थान भोर' आहे! पण सुधागडची गावं आज रायगड जिल्ह्यात आहेत, त्यामुळे पालीची वाट धरायला हवी. 'पवन मावळ' असेल तर मावळ तालुक्यात बघायचं.

आणि आता यात नवी भर पडली आहे. २०२४ मध्ये सरकारने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड केलं. नाव योग्यच आहे, छत्रपतींच्या पहिल्या राजधानीचं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आजचा राजगड तालुका आणि संस्थानातला राजगड तालुका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवा. आजच्या तालुक्यात जुन्या राजगडबरोबर प्रचंडगडचाही मोठा भाग आलाय. अजून पन्नास वर्षांनी कोणी १९३० चा कागद आणि २०३० चा कागद शेजारी ठेवेल, दोन्हीवर 'राजगड तालुका' असेल आणि तो गोंधळेल. म्हणून घरातल्या कागदपत्रांच्या फायलीत आजच एक चिठ्ठी लिहून ठेवा, की आमचं गाव अमुक सालापर्यंत अमुक तालुक्यात होतं, नंतर अमुक तालुक्यात आलं.

पत्ता तिसरा : पाण्याखाली

आपल्या दोन तालुक्यांत हा पत्ता सगळ्यात जास्त दुखतो.

वेळवंडी नदीवर भाटघरला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी एक धरण बांधलं होतं, त्या तलावाला लेक व्हाइटिंग म्हणत. नंतर त्याच्याच खालच्या अंगाला मोठं लॉइड धरण झालं, १९२८ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आजचा येसाजी कंक जलाशय तो हाच. पाणी गेलं बारामती-इंदापूरला, फलटण-माळशिरसला, आणि खोऱ्यातली शेतं, वाड्या, देवळं राहिली तळाशी. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की कांबऱ्याचं देऊळ वर येतं आणि पुण्याहून लोक फोटो काढायला येतात. त्या देवळाभोवती घरं होती, शेतं होती, हे फोटोत येत नाही.

पुढे अंबीवर पानशेत झालं. ते १२ जुलै १९६१ ला फुटलं तेव्हा पुण्यात काय झालं हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण त्याच धरणासाठी वरच्या अंगाला जी गावं उठली, त्यांची आठवण फार थोड्यांना आहे. मग मोसेवर वरसगाव, नीरेवर नीरा देवघर, कानंदीवर गुंजवणी. दोन तालुक्यांत एवढी धरणं!

म्हणून "आमचं गाव पाण्याखाली गेलं" हे वाक्य आपल्याकडे पुरेसं नाही. कुठल्या पाण्याखाली? कधी? एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. तिसरी पिढी दौंड तालुक्यात, पुनर्वसनाच्या वसाहतीत वाढलेली. आजोबांनी सांगितलेलं एवढंच आठवत होतं, की घरापासून दोन ओढे ओलांडले की देऊळ आणि समोर खिंड. आम्ही धरणाआधीच्या मोजणीचा जुना नकाशा आणि आत्ताचा नकाशा शेजारी-शेजारी लावला. नव्यावर सगळं निळं. जुन्यावर नदी, दोन ओढे, देवळाची खूण, घरांचे ठिपके आणि खिंडीकडे जाणारी तुटक रेषा. गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मोबाइल काढून त्या ठिपक्यांचा फोटो घेतला आणि तिथूनच मुलाला पाठवला.

गाव आणि धरण पक्कं झालं की कागदाचा रस्ता सापडतो. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने ज्या जमिनी घेतल्या, त्यांचा निवाडा होतो. त्यात सर्व्हे नंबर, क्षेत्र, खातेदाराचं नाव, मोबदला असतो. झाडं, विहिरी, घरंसुद्धा मोजलेली असतात. आंब्याची झाडं किती होती, हे लिहिलेला आपल्या घराचा कदाचित एकच कागद असेल तो. धरणग्रस्तांच्या मुलांनी निवाड्याची नक्कल जरूर काढावी.

नकाशे कुठले आणि कशासाठी

दोन जातींचे नकाशे वेगळे ओळखा.

पहिले टोपोशीट. जुने एक इंचाला एक मैल या प्रमाणाचे, नंतरचे मेट्रिक, १:५०,००० म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. यांत गाव, वाडी, देऊळ, वाट, ओढा, घाट दिसतो. मालक दिसत नाही. सर्वेक्षण विभागाचे आजचे नकाशे त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. १९५० च्या दशकातली अमेरिकी लष्कराने छापलेली भारताची १:२,५०,००० मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सगळ्यांना फुकट खुली ठेवली आहे. त्यात बारकावा कमी आहे, पण पानशेत होण्याआधीचा मुलूख समजायला ती उपयोगी पडते.

दुसरे भूमी अभिलेखचे नकाशे : गाव नकाशा, टिपण, फाळणी. मुंबई इलाख्यातल्या मोजणीची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास आपल्याच जिल्ह्यात, इंदापुरात बसवली. ३३ फुटांची शंकू साखळी, साखळीचे १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. टिपणावर आजही हे साखळी-आणे दिसतात. टिपणात शेताचा आकार आणि मापं असतात. फाळणीत त्या सर्व्हे नंबरचे पोटहिस्से कसे पडले ते दिसतं. भाऊ-भाऊ कधी वेगळे झाले, कोणाला खाचर आलं आणि कोणाला वरकस, हे फाळणी आणि फेरफार एकत्र वाचल्यावर कळतं. घराण्याचा वृक्ष काढायचा तर यापेक्षा सरळ कागद नाही.

एक अडचण सांगून ठेवतो. ज्या गावांत एकत्रीकरण योजना लागली, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांचा नंबर आणि तुमचा नंबर जुळणार नाही. घाबरू नका, एकत्रीकरणाच्या पत्रकात जुना नंबर आणि नवा गट समोरासमोर दिलेले असतात. ते मागा.

दुसरी अडचण स्पेलिंगची. जुने नकाशे इंग्रजीत. त्यात ल आणि ळ एकच, द आणि ड एकच, न आणि ण एकच. वेळवंड कुठल्या अक्षरांनी लिहिलंय ते तोंडाने मोठ्याने म्हणून बघा. खुर्द आणि बुद्रुक तर नीट तपासाच. एकाच नावाची दोन गावं, मध्ये ओढा, आणि तुमचे पणजोबा दुसऱ्या काठावरचे असू शकतात.

शिवेचं भांडण आणि माणसांची नावं

गाव नकाशावर दोन गावांच्या मधली शीव एखाद्या ठिकाणी विचित्र वळलेली दिसली तर थांबा. सरळ धारेवरून जायची ती मध्येच एका ओहोळात का उतरली? अशा जागी बऱ्याचदा जुनं भांडण असतं. पूर्वी शिवेचा वाद गोतसभेत तोडत आणि त्याचा महजर करत. महजरात गोतातल्या लोकांची नावं येतात. देशमुख-देशपांडे येतात, दोन्ही गावचे पाटील येतात, शेजारच्या गावचे येतात आणि बलुतेदारही येतात. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी, बलुतेदाराच्या नावापुढे त्याच्या हत्याराची. सही न येणाऱ्या माणसाचं नाव जिथे लिहिलं गेलं, अशी ही दुर्मीळ जागा.

मावळातले असे बरेच कागद पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने 'शिवचरित्र साहित्य' या खंडमालेत छापले आहेत. कारीच्या जेध्यांची शकावली १९१६ सालीच छापली गेली. पेशवे दप्तर पुणे पुराभिलेखागारात आहे. मोडी येत नसेल तर शिका, पुराभिलेख खातं आणि मंडळ दोघांचेही वर्ग चालतात.

नकाशात जे दिसत नाहीत ते

हे सगळं वाचून वाटेल, की हा पाटील-देशमुखांचा खेळ. तसं समजू नका, पण अडचण खरी आहे. ज्याच्या नावावर जमीन, त्याचा कागद मोठा. बाकीच्यांना वाकड्या वाटेने जावं लागतं.

महार वतनाच्या जमिनी 'इनाम वर्ग ६ ब' म्हणून नोंदलेल्या असत. हाडकी-हाडोळा हे शेताचं नाव गावात अजून ऐकू येतं. १९५८ च्या कायद्याने ही वतनं खालसा झाली तेव्हा फेरफार झाले. त्या फेरफारांत वतनदार घरांची नावं सापडतात. बौद्ध कुटुंबांनी तिथून सुरुवात करावी.

धनगर, महादेव कोळी यांच्या माथ्यावरच्या वस्त्यांना महसुली कागदात जागा थोडी. पण टोपोशीटवर दोन-चार घरांचा ठिपका आणि त्याकडे जाणारी पायवाट मोजणीवाल्याने काढून ठेवली आहे. आज तिथे फक्त जोती उरली असतील. तो ठिपका म्हणजे तिथे वस्ती होती याची सरकारी साक्ष.

आणि बायका? वंशावळीत त्या नसतातच. वारसाच्या फेरफारात मात्र 'विधवा', 'मुलगी' म्हणून त्यांची नावं येतात. ती वगळू नका. आईची, आजीची माहेरं नकाशावर मांडा. माझ्या पाहण्यात अर्ध्याहून जास्त कोडी माहेरच्या गावाने सुटली आहेत.

एक सावधगिरी, एक मागणी

जुना नकाशा हा मालकीचा पुरावा नाही. तो दाखवून भावकीत नवं भांडण काढू नका. बांधावरून कोर्टात गेलेल्या केसेस आपल्या दोन तालुक्यांत आधीच भरपूर आहेत.

मागणी ग्रामपंचायतींकडे आहे. टिपणावर नंबर असतो, शेताचं नाव नसतं. वडाचं खाचर, देवाचा माळ, कुंभारदरा ही नावं बऱ्याचदा सरकारी कागदावर सापडत नाहीत. ती सत्तरीच्या पुढच्या माणसांच्या डोक्यात आहेत. आणि जमिनी ज्या वेगाने विकल्या जातायत, कुंपणं आणि फार्महाउस होतायत, ते पाहता नवा मालक ही नावं विचारणारही नाही. नाव गेलं की जुन्या कागदात 'वडाचे खाचर' असं आलं तरी ते कुठलं, हे सांगणारं कोणी राहणार नाही.

खर्च काहीच नाही. गाव नकाशाची एक मोठी प्रत काढा, चावडीत टेबलावर पसरा, चार म्हातारी माणसं आणि दोन म्हाताऱ्या बोलवा, आणि शाळेतल्या मुलांना पेन्सिलीने प्रत्येक नंबरात नाव लिहायला सांगा. एक दिवसाचं काम आहे. ज्या गावाला हे करायचं असेल त्यांनी कळवा, मी येतो. धरणाखालच्या गावांच्या लोकांनी आधी कळवा, कारण तुमच्याकडचं गाव पाहिलेली माणसं सगळ्यात कमी उरली आहेत.